फलकावर हलरनाना

हलरनानांच्या गिरणीत भात भरडायला नेलं की आधी तोंडी परीक्षा द्यावी लागे. गोण कट्ट्यावर ठेवायची, तिच्यावर उजवा हात ठेवून उभं राहायचं आणि नाना विचारतील त्याची उत्तरं द्यायची. "कुणाचं? कुठलं? किती उन्हं?" म्हणजे भात कुणाच्या घरचं, कुठल्या शेतातलं आणि किती दिवस उन्हात वाळवलेलं. सरपंच असो नाही तर सरपंचाचा गडी असो, कुणाची सुटका नव्हती. उत्तर ऐकून झालं की नाना गोणीत हात घालून एक दाणा काढत, पुढच्या दातांत धरत आणि कट्‌कन फोडत. मग मान हलवत. "चार उन्हं म्हणतोस? दोनच हायत. ने परत." आणि माणूस मुकाट्यानं गोण उचलून घरी जाई. चांगली बारा गोणी लादलेली बैलगाडी दारातून परत गेलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

भिवंडीहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की वडप्याच्या अलीकडे आमचं गाव. आज तिथे गोडाऊनं, कंटेनर आणि धूळ याशिवाय काही दिसत नाही, पण तेव्हा वेशीवर पत्र्याच्या शेडमध्ये ही भाताची गिरणी होती. गिरणी भिवंडीतल्या एका शेठची. शेठ वर्षातून दोनदा यायचे, चहा प्यायचे आणि जायचे. गिरणी चालवायचे नाना. भात सडायच्या त्या यंत्राला हलर म्हणतात, म्हणून ते हलरनाना. अंगात खाकी अर्धी चड्डी, डोक्याला पंचा, आणि भुवयांवर कायम तुसाची पूड. त्यांचं खरं नाव गावात फारसं कुणाला माहीत नव्हतं. मला स्वतःला ते कळलं त्यांच्या मयताच्या दिवशी, हे सांगताना आज मला लाज वाटते.

मी भिवंडीतल्या नारपोलीची. आमच्या घराच्या तळमजल्यावर वडिलांचे सहा लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, होते. लूम चालू असले की मला गाढ झोप लागायची, बंद पडले की जाग यायची. भात म्हणजे ताटात वाढलेला, एवढंच माझं शेतीचं ज्ञान. लग्न होऊन या गावात आले तेव्हा भाताच्या रोपात आणि गवतात मला फरक कळत नव्हता, आणि तो कळत नाही हे सासरी कुणाला कळू नये म्हणून मी जिवाचं रान करत होते. पहिल्यांदा गिरणीत गेले, नानांनी विचारलं, "किती उन्हं?" मी वर आभाळाकडे बघून म्हटलं, "बरंच आहे." सगळी गिरणी हसली. नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी दोन दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "चाव. कट् वाजलं तर सुकं. दातात दबलं तर ओलं. एवढंच असतंय, लूमवाले. घाबरू नको."

तेव्हापासून मी त्यांची लूमवाली. गिरणीत गेले की मला नवीन काही तरी शिकवल्याशिवाय सोडत नसत. तांदूळ तुटला तर तो जास्त वाळलेला, पिवळा पडला तर ढीग घालून तापलेला, असं एकेक हातावर घेऊन दाखवायचे. मी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं की कपाळाला हात लावायचे. "अगं, कापड तरी बरं विणतेस का?" माझ्या वडिलांनी मला कधी एवढं शांतपणे काही शिकवलं नाही. सासरच्या गावात माझं पहिलं माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी नवऱ्याचं नाव घेणार नाही. माफ करा, पण खरं ते सांगते.

एका घरचं भात भरडून झालं की नाना यंत्राच्या कुशीवर तळहातानं तीन थापा मारायचे. आत अडकलेला शेवटचा पसाभर तांदूळ खाली पडायचा. तो आधीच्या गिऱ्हाइकाचा की पुढच्याचा, यावरून बायकांची भांडणं व्हायची. म्हणून नानांनी एक तेलाचा डबा ठेवला होता. यंत्राच्या पोटात राहिलेला सगळा तांदूळ त्या डब्यात. हंगाम संपला की गिरणीच्या दारात चूल मांडायची आणि त्या डब्याचा भात शिजवायचा, जो येईल त्यानं खायचा. जाड, बारीक, पांढरा, तांबूस, सगळ्या गावच्या शेतांचा एकत्र भात. शिजायचा मात्र भयंकर! निम्मा कच्चा, निम्मा गिचका. नाना दोनदा मागून खायचे आणि म्हणायचे, "गाव असंच असतंय. सगळं एकदम शिजत न्हाय."

आता जे सांगायचं ते सांगते. बत्तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आहे, सरळ येणार नाही.

माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. वैशाख होता. सासूबाई माझ्या नणंदेच्या बाळंतपणासाठी शहापूरकडे गेल्या होत्या. घरात तांदूळ संपत आला होता. जाताना त्या सांगून गेल्या होत्या, "पडवीतली गोण गिरणीत ने." पडवीत गोणी होत्या दोन. एकीचं तोंड साध्या सुतळीनं बांधलेलं, दुसरीचं लाल चिंधीनं. आता आमच्या नारपोलीच्या कारखान्यात काय असायचं, तर कापडाचे तागे तपासून झाले, गठ्ठा बांधला की त्याला वडील लाल चिंधी लावायचे. लाल चिंधी म्हणजे माल तयार, पाठवा. माझ्या लहानपणापासून डोळ्यांना ती सवय. मी एका क्षणाचाही विचार केला नाही. लाल चिंधीची गोण घेतली. शेजारच्या भाऊजींच्या सायकलवर चढवताना चिंधी सुटली, ती मी कमरेला खोचली आणि गोणीला सुतळी बांधली.

गिरणीत त्या दिवशी हीऽ गर्दी. एका घरी लग्न, त्यांच्याच आठ गोणी. अकरा वाजता लाइट जाणार म्हणून नाना घामाघूम होऊन धावत होते. माझी पाळी आली. मी गोणीवर हात ठेवला. "कुणाचं?" "आमचं." "कुठलं?" "खालच्या शेतातलं." "किती उन्हं?" "चार." काय ठसक्यात उत्तरं दिली मी! यातलं एकही मला माहीत नव्हतं. खालचं शेत, चार उन्हं, हे सासूबाई नेहमी सांगायच्या, तेच मी सांगितलं. नानांचा चेहरा फुलला. बाजूच्या म्हाताऱ्याला ते म्हणाले, "बघा, लूमवाली तयार झाली आमची." आणि दाणा न चावताच गोण यंत्रात रिकामी केली. त्यांनी आयुष्यात एवढी एकच गोण न चावता ओतली.

तांदूळ खाली पडायला लागला तो तांबूस, आखूड, आणि त्याचा वास सगळ्या शेडमध्ये पसरला. नानांनी यंत्र थांबवलं. हातावर तूस घेतलं, नाकाजवळ नेलं. मग त्यांची नजर माझ्या कमरेकडे गेली. बाकीचे लोक बाहेर आंब्याखाली सावलीत बसले होते, आत आम्ही दोघंच. "ही चिंधी गोणीची?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, सायकलवर चढवताना सुटली." "लाल चिंधी कशाला बांधतात, म्हाईत हाय तुला?" "तयार मालाला," मी म्हटलं. नाना तिथेच रिकाम्या गोणीवर मटकन बसले.

आमच्या गावात लाल चिंधी म्हणजे बेणं. पुढच्या पेरणीसाठी राखलेलं भात. त्याला कुणी हात लावायचा नाही. खरं तर बेणं पेंढ्याच्या मुड्यात बांधून ठेवतात, मुडा बघून मलाही कळलं असतं. पण त्या वर्षी उंदरांनी मुडा कुरतडला म्हणून सासूबाईंनी ते गोणीत भरून चिंधी बांधली होती. भरडलेलं बेणं रुजत नाही, हे मला तेव्हा नानांनी सांगितलं. आणि हे बेणं साधंसुधं नव्हतं. सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या आईनं ओटीत घातलेलं, त्यांच्या माहेरचं गावठी भात. माहेरची शेती धरणाच्या पाण्यात गेली होती. ते भात आता फक्त आमच्याच एका तुकड्यात पेरलं जायचं. त्याला नावसुद्धा नव्हतं. सासूबाई त्याला नुसतं "आईचं" म्हणायच्या.

मी रडायला लागले. सासूबाईंचा दरारा असा होता की त्यांच्यापुढे माझा नवरासुद्धा उभ्यानं पाणी प्यायचा नाही. नानांनी माझ्या कमरेची चिंधी मागून घेतली. रिकाम्या गोणीचं तोंड गोळा केलं आणि तिच्यावर ती चिंधी पुन्हा नीट बांधली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चिंधी गोणीलाच हुती. सुनबाय नवी, तिला चिंधी कळत न्हाय. मला कळती, पन मी घाईत बघितलं न्हाय. ऐकलंस?" मी म्हटलं, "नाना, पण चूक..." ते म्हणाले, "तुझी सासू वाईट बाई न्हाय. पन आज तिची आईच गेलीय. ज्यानं घालवली त्याला ती जल्मात माफ करणार न्हाय. तुला तिच्या घरात राहायचं हाय. मला न्हाय."

सासूबाई आल्या त्या दिवशी अख्खा गाव गिरणीपुढे जमला होता. त्यांनी ती रिकामी गोण नानांच्या अंगावर फेकली. काय काय बोलल्या ते लिहीत नाही. नाना हात जोडून उभे. "वयनी, चिंधी हुती. मी बघितली न्हाय," एवढंच तीनदा म्हणाले. शेजारच्या भाऊजींनी चिंधी सुटलेली पाहिली होती की नाही कोण जाणे, ते गप्प राहिले. आणि मी? मी सासूबाईंच्या मागे दोन पावलांवर पदर तोंडाला लावून उभी होते. माझं तोंड उघडलं नाही. तेव्हा भीती होती. वीस वर्षांची होते. भीतीला मी माफ करते. पुढच्या वर्षांना नाही करत.

त्या दिवसापासून सासूबाईंनी नानांशी बोलणं टाकलं. गिरणीच्या वाटेनं जाताना त्या तोंड फिरवून जायच्या. आमच्या घरचं भात हायवेच्या पलीकडच्या गिरणीत जायला लागलं, डोक्यावरून. गावातल्या पोरांना तर विषयच मिळाला. हलरनाना गेले आणि "बेणंभरडे" आले. लग्नाच्या पंगतीत कुणी तरी ओरडायचं, "नानांना वाढू नका रे, बेणं असंल!" सगळे हसायचे, नानाही हसायचे. बेणं भरडणं हे आमच्याकडे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ज्या माणसाच्या दातावर चार गावं विश्वास ठेवत होती, त्याच्या तोंडावर लोक स्वतः दाणे चावून बघायला लागले. मी ते बघत होते. गिळवत नव्हतं, पण गिळत होते.

भिवंडी परिसरात लूमला शुक्रवारची सुट्टी, तीच गिरणीलाही. शुक्रवारी नाना सायकल काढायचे. कुठे जातात कुणाला कळेना. मग एका शनिवारी सकाळी आमच्या पायरीवर एक पुडी दिसली. आत मूठभर भात. दुसऱ्या महिन्यात आणखी एक. वाडा तालुक्याकडे, शहापूरकडे, आतल्या पाड्यांवर नाना "आईचं" भात शोधत फिरत होते. दाणे चावून, वास घेऊन, म्हाताऱ्यांना विचारून. जरा जुळतंय असं वाटलं की पुडी बांधून आणायचे. सासूबाई पुडी उघडायच्या, एक दाणा सोलून बघायच्या आणि "हे न्हाय" म्हणून कोंबड्यांपुढे टाकायच्या. असं किती वर्षं चाललं असेल? मी मोजलं नाही. माझा मोठा मुलगा पायरीवर रांगत होता तेव्हा सुरू झालं, आणि तो दहावीत गेला तरी अधूनमधून पुडी यायची. ते भात काही सापडलं नाही.

मी दोनदा त्यांना म्हटलं, आता सांगून टाकते. पहिल्यांदा ते म्हणाले, "पोरं मोठी होऊ देत." दुसऱ्यांदा चिडले. त्यांना चिडलेलं मी तेवढंच पाहिलं. "आता बोललीस तर मी गिरणीच्या दारात वयनीसमोर खोटं बोललो असं हुईल. या वयात मला खोटारडा करू नको." मी गप्प बसले. मला बरंच वाटलं, हेही कबूल करते. त्यांनी मना केलं हा किती छान आधार होता मला.

मग जमिनी गेल्या. एकानं दिली, दुसऱ्यानं दिली, आमचीही गेली. भातच नाही तर गिरणी कुणासाठी? शेठच्या मुलानं शेड पाडली, हलर भंगारात घातला आणि जागेवर गोडाऊन उभं राहिलं. आणि नाना? नाना त्याच गोडाऊनच्या गेटवर वॉचमन लागले. मी तेव्हा अंगणवाडीत नोकरीला होते. येताजाता बघायचे, निळा शर्ट घालून खुर्चीवर बसलेले. कंटेनर आला की पुढे होऊन गाडीच्या पत्र्यावर हात ठेवायचे आणि ड्रायव्हरला विचारायचे, "किसका? किधर का? कितना दिन से निकला?" ड्रायव्हर वैतागायचे. एक जण म्हणाला, "चाचा, आपको सिर्फ नंबर लिखना है." नाना म्हणाले, "नंबर तो गाडी का है. माल का पूछ रहा हूँ." सुपरवायझरनं किती वेळा समजावलं, पण कोणतीही गाडी उत्तरं दिल्याशिवाय आत गेली नाही. मला म्हणायचे, "लूमवाले, इथं कुणालाच म्हाईत नसतंय आपण काय घेऊन चाललोय ते."

चार वर्षांपूर्वी ते गेले. दोन दिवस ताप आला आणि संपलं. बायको आधीच गेलेली, मूल नव्हतं. चुलत पुतण्यानं सगळं केलं. नवरा आणि मुलं मयताला गेली. सासूबाई गेल्या नाहीत. "बेणं भरडणाऱ्याच्या मयताला माझं काय काम?" म्हणाल्या. मी गेले, मागे उभी राहिले. पुतण्यानं सांगितलेलं नाव कुणी तरी कागदावर लिहून घेतलं, नामदेव बाळू. मला वाटलं हे दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आहे. घरी येऊन न्हाणीत जाऊन रडले, नळ सोडून.

आता फलकाची गोष्ट. गावातल्या तरुण पोरांच्या मंडळानं ठरवलं की जुन्या गिरणीची आठवण म्हणून वेशीवर एक फलक लावायचा. भंगारवाल्याकडे हलरचं लोखंडी चाक सापडलं, ते चौथऱ्यावर बसवायचं आणि खाली काळ्या दगडात मजकूर. गोडाऊनवाल्यानं गेटबाहेरचा कोपरा दिला. माझं अक्षर बरं आणि अंगणवाडीची नोकरी आता सोडलेली, म्हणून मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिला. गिरणी कुठे होती, आजूबाजूच्या कुठल्या गावांचं भात इथे यायचं, आणि शेवटच्या ओळीत, "ही गिरणी चालवणारे नामदेव बाळू, म्हणजेच आपले हलरनाना."

रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात बैठक होती. मी मजकूर वाचला. शेवटची ओळ आली तसा बाळाराम, माजी सरपंचाचा मुलगा, हसला. "काकी, शेठचं नाव टाका. त्या बेणंभरड्याचं नाव दगडावर कोरलं तर बाहेरची लोकं काय म्हणतील? ज्यानं गावचं बेणं मोडलं त्याला गावचा मान?" सगळे हसले. खोटं कशाला बोलू, त्यात वाईट हेतू नव्हता. पोरं नानांना ओळखतच नव्हती, त्यांना फक्त तो विनोद माहीत होता. एक जण म्हणाला, "शेवटची लाइन उडवा, जागाबी कमी हाय." बाळारामनं माझ्या हातातला कागद घेतला आणि पेन काढलं.

मी म्हटलं, "थांब. त्या गोणीची चूक माझी होती."

कुणाला कळेना कोणती गोण. मग मी सांगितलं. पडवी, दोन गोणी, नारपोलीची लाल चिंधी, कमरेला खोचलेली. नानांनी रिकाम्या गोणीला ती कशी बांधली. माझा नवरा समोर सतरंजीवर बसलेला, तो माझ्याकडे असा बघत होता जणू आज पहिल्यांदा पाहतोय. शेजारचे भाऊजी, आता म्हातारे, मान खाली घालून म्हणाले, "चिंधी सुटलेली मी बघितली हुती." तेही बत्तीस वर्षं गप्प होते. बाळारामनं कागद माझ्या हातात परत दिला. त्यानं पेन खिशात घातलं. मग म्हणाला, "नाव पहिल्या ओळीत घ्या, काकी."

गावाच्या आधी मी घरी पोहोचायला हवं होतं. धावतच आले. सासूबाई ओटीवर सूप घेऊन रेशनचा तांदूळ निवडत होत्या. ऐंशी वर्षांच्या आहेत, पण नजर अजून खडा सोडत नाही. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. त्या हात न थांबवता तांदूळ निवडत राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "चिंधी कुठं हुती?"

"माझ्या कमरेला."

"आन मी गोण त्याच्या अंगावर फेकली तवा तू कुठं हुतीस?"

"तुमच्या मागे."

"त्यो मेला तवा?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "म्हंजे मी एका भल्या माणसाला अठ्ठावीस वर्षं तोंड न्हाय दावलं. त्याच्या मयताला न्हाय गेले. आन तू मना रोज गरम भाकर वाढत हुतीस." एवढं म्हणून त्या आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

फलक उघडायच्या दिवशी सासूबाईंनी नातवाला सांगितलं, मना ने. हिरवं नऊवारी नेसल्या. भाषणं झाली, नारळ फुटला. गेटवरचा नवा वॉचमन बिहारचा, त्यानं आपली खुर्ची पुढे केली, "माताजी, इधर बैठिए." त्या बसल्या नाहीत. नातवाला म्हणाल्या, "नाव कुठं हाय दाव." त्यानं त्यांचं बोट धरून पहिल्या ओळीवर ठेवलं. त्यांनी एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. वाचता येत नाही त्यांना. मग सगळ्या गावासमोर, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "नाना, मी तुमच्या दारात तुमाला शिव्या दिल्या. समद्या गावानं ऐकल्या. आता त्या माघारी घेते, हेबी समद्यांनी ऐका." बाळाराम रडत होता. मीही रडत होते. त्या रडल्या नाहीत.

परत येताना त्या माझ्या अगदी जवळून गेल्या. मी हात धरायला पुढे झाले. त्यांनी तोंड फिरवलं.

याला आता पाच महिने झाले. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. मुलं म्हणतात, आई, तू पुन्हा एकदा पाय धर. तीनदा धरले, त्यांनी पाय मागे ओढले. नवरा म्हणतो, म्हातारं माणूस आहे, किती दिवस धरून बसणार. मला माहीत आहे किती दिवस. नानांनी मला त्या दिवशी गिरणीतच सांगितलं होतं, जन्मभर. माझ्या वाटणीचा हा अबोला त्यांनी मरेपर्यंत सोसला, पुड्या बांधत, पंगतीत हसत, आणि माझ्याकडे कधी बोट दाखवलं नाही. मी रोज सकाळी सासूबाईंच्या उशाशी चहा ठेवते. त्या भिंतीकडे वळतात. मी तिथेच बसून राहते, त्यांचा चहा गार होईपर्यंत.